बांधकाम नियमावलीच्या समितीत खुर्च्या कुणाला?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिलेली कुठलीही सोसायटी बघा. तळाला नुसते खांब, खांबांमध्ये गाड्या, आणि वर सात-आठ मजले विटांच्या भिंतींनी भरलेले. पार्किंगचा हा स्टिल्ट एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या हिशेबात, धरत नाहीत, म्हणून प्रत्येक नकाशात तो असतो. विकासकाला परवडतो, रहिवाशाला हवा असतो, महापालिकेला रस्त्यावरच्या गाड्या कमी झालेल्या हव्या असतात.

आता हीच इमारत भूकंपाच्या बाजूने बघा. वरच्या मजल्यांना खोलीखोलीच्या भिंतींमुळे ताठपणा येतो, तळमजला मात्र मोकळा असल्याने लवचिक राहतो. जमीन हलली की वरचा सगळा ठोकळा एकसंध सरकतो आणि वाकण्याचं सगळं काम तळाच्या खांबांच्या वाट्याला येतं. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा स्टिल्टवरच्या बऱ्याच इमारती बसल्या. त्यानंतर आलेल्या आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीने मोकळ्या मजल्याचे खांब आणि तुळया नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट बलासाठी डिझाइन करायला सांगितलं. २०१६ च्या आवृत्तीने पुढे जाऊन त्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार, मागितले.

म्हणजे एक नियम स्टिल्टला बक्षीस देतो आणि दुसरा त्याच स्टिल्टपासून सावध करतो. पहिला राज्याच्या नगरविकास विभागाच्या टेबलावर लिहिला गेला, दुसरा भारतीय मानक ब्युरोच्या भूकंप अभियांत्रिकी समितीत, म्हणजे सीईडी ३९ मध्ये. ‘संरचनेचं डिझाइन राष्ट्रीय संहितेप्रमाणे असावं’ असं सर्वसाधारण कलम राज्याच्या नियमावलीत असतंच. पण सवलत एका पानावर आणि अट दुसऱ्याच पुस्तकात असली, की तपासणारा अभियंता सवलतीचं पान तपासतो आणि अटीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला फाइलला लावून पुढे जातो. ‘तळमजल्यावर दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती दाखवल्या असतील तरच स्टिल्ट एफएसआयमधून वगळावा’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य लिहायला सवलत ठरते त्याच टेबलावर, मताच्या अधिकारासह, स्ट्रक्चरल इंजिनिअर बसलेला लागतो. समितीत कोण बसतं हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. ही मानापानाची बाब नाही. कुठला माणूस टेबलावर नाही यावरून कुठलं वाक्य नियमात येणार नाही हे आधीच सांगता येतं.

नियम कुठून कुठे येतो

राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे एनबीसी, पहिल्यांदा १९७० मध्ये आली. मग १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिची सुधारणा झाली. ती ब्युरोच्या सीईडी ४६ समितीकडे आहे आणि ती स्वतःहून कुणावरही बंधनकारक नाही. जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यांचे असल्याने राज्य तिच्यातलं जे आपल्या नियमावलीत घेतं तेवढंच लागू होतं. आपल्याकडे मुंबईसाठी २०३४ ची विकास नियंत्रण नियमावली आहे, आणि मुंबई व काही वगळलेली क्षेत्रं सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. आगीसाठी वेगळा कायदा, २००६ चा.

या नियमावल्यांत बदल होतो तो मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली. सरकारला स्वतःहून बदल करायचा असेल तर ३७(१कक). सूचना निघते, हरकती मागवतात, नगररचना खात्याचा अधिकारी सुनावणी घेतो, अहवाल जातो, अधिसूचना निघते. कागदावर हे ठीक दिसतं. पण कलम १५४ खाली सरकार नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकतं, आणि काही वेळा फेरबदलाच्या सूचनेबरोबरच ‘अंतिम मंजुरीची वाट न बघता अंमल सुरू करावा’ असा निर्देशही निघतो. मग हरकत नोंदवणारा माणूस आधीच चालू झालेल्या नियमावर हरकत घेत असतो. त्या नियमाखाली नकाशे मंजूर होत असतात, जोत्यापर्यंत कामं आलेली असतात. एकदा सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला, देऊन बसल्यावर सुनावणीत हरकत पटली तरी मागे फिरणं अवघड होतं.

म्हणूनच मसुदा सूचनेच्या रूपात बाहेर पडण्याच्या आधीचा टप्पा निर्णायक असतो. समिती बसते ती तिथे.

जीआरचा साचा

आपल्याकडच्या समित्यांच्या शासन निर्णयाचा एक ठरलेला साचा आहे. अध्यक्ष म्हणून सचिव किंवा निवृत्त अधिकारी, मग पदसिद्ध सदस्य, मग संघटनांचे एक-दोन प्रतिनिधी, सदस्य सचिव म्हणून विभागाचा उपसचिव किंवा सहसंचालक, आणि शेवटच्या ओळीत ‘आवश्यकतेनुसार विशेष निमंत्रित’. या शेवटच्या ओळीतल्या माणसांना मत नसतं, बैठकीची टिप्पणी आधी मिळेलच असं नसतं, आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत मावतं. नियमाचा परिणाम ज्याला भोगायचा असतो तो बहुतेक वेळा या ओळीत असतो.

दुसरी अडचण पात्रतेच्या शब्दांची. विकास आराखड्यावरच्या हरकती ऐकणारी नियोजन समिती घ्या. कलम २८ प्रमाणे तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. जाणकार कशातले, तर नगर व ग्राम नियोजन किंवा पर्यावरण किंवा दोन्ही. आराखड्यासाठी ते योग्यच आहे. पण हेच शब्द उचलून इमारतीच्या नियमांसाठीच्या समितीला लावले, तर आग, संरचना, दुरुस्ती, अपंगांचा वावर यांतलं काहीच ‘विशेष ज्ञान’ ठरत नाही. चार जागा भरतात, कायद्याचं पालन होतं, आणि जिना किती रुंद असावा हे सांगणारा कुणी नसतो.

तिसरी गोष्ट ‘तज्ज्ञ’ या शब्दाची. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याखालची नोंदणी असते, त्यामुळे तो कोण हे ठरवता येतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी देशात तशी वैधानिक परिषदच नाही. महापालिकेचा परवाना हाच त्याचा पुरावा. म्हणून ‘एक स्ट्रक्चरल इंजिनिअर’ असं लिहून सोडलं, की त्या जागी मोठ्या विकासकाचा पगारी सल्लागारही बसू शकतो आणि नियम मोडला गेलेला नसतो.

बाहेर काय करून पाहिलं गेलं

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा मानकं काढणाऱ्या संस्थेची पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. तिथे तांत्रिक समितीच्या प्रत्येक सदस्याला एका हितगटाचा शिक्का असतो: उत्पादक, वापरकर्ता, बसवणारा-देखभाल करणारा, कामगार, चाचणी-संशोधन, अंमलबजावणी यंत्रणा, विमा, ग्राहक, विशेष तज्ज्ञ. कुठल्याही एका गटाचे मतदार सदस्य एकतृतीयांशापेक्षा जास्त असू शकत नाहीत. माणसाने नोकरी बदलली की शिक्का बदलतो आणि समितीचा हिशेब पुन्हा होतो. यात कुणाच्या सचोटीवर बोट ठेवलेलं नाही. प्रत्येकाला कुठून तरी पगार मिळतो, एवढंच मान्य केलंय.

तिथलीच आयसीसी ही इमारत संहिता काढणारी संस्था वेगळा मार्ग घेते. बदल कुणीही सुचवावा, युक्तिवाद कुणीही करावा, पण अंतिम मत फक्त सरकारी अंमलबजावणी यंत्रणांच्या प्रतिनिधींना. उद्योगाला दूर ठेवण्यासाठी हे चांगलं आहे. पण आपल्याकडे अंमलबजावणी यंत्रणेवर वरून येणारा दबाव बघता निव्वळ अधिकाऱ्यांच्या मतावर विसंबणं मला पुरेसं वाटत नाही.

अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्याची गोष्ट सदस्यसंख्येपेक्षा मतदानाच्या नियमाबद्दल आहे. २०११ च्या कायद्याने तिथल्या इमारत संहितेच्या आढावा परिषदेला नव्या तरतुदी स्वीकारायला दोनतृतीयांश मतांची अट घातली. परिणाम असा, की आयसीसीच्या २०१२ च्या संहितेतले बदल परिषदेने स्वीकारलेच नाहीत, आणि २०१७ मध्ये कायदा पुन्हा बदलावा लागला. खुर्च्या कितीही नीट वाटल्या तरी ‘काहीच न करणं’ हा सगळ्यात सोपा निकाल करून ठेवला, की समिती तोच निकाल देते.

इंग्लंडमध्ये १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. त्या इमारतीचे रहिवासी आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून लिहीत होते. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने जुनी सल्लागार समिती बंद केली आणि नियामकाला तीन वेगळी मंडळं बंधनकारक केली: तांत्रिक सल्ल्यासाठी एक, उद्योगाच्या कौशल्यासाठी एक आणि रहिवाशांचं एक. रहिवाशांचं मंडळ कायद्यातच लिहिलेलं आहे. एखाद्या अधिकाऱ्याला वाटलं म्हणून बोलावलं, असं तिथे राहिलेलं नाही.

पंधरा खुर्च्या

महाराष्ट्रासाठी माझा आराखडा मताचा अधिकार असलेल्या पंधरा जणांचा आहे. वीसच्या वर गेलं की अर्धे येत नाहीत, दहाच्या खाली आलं की छोटी शहरं आणि रहिवासी सगळ्यात आधी गळतात.

अंमलबजावणीच्या पाच. नगर रचना संचालकांचा प्रतिनिधी, एका महापालिकेचा बांधकाम परवानगी अधिकारी, एका नगरपरिषदेचा अभियंता, अग्निशमन सेवा संचालनालयाचा अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा अभियंता. महापालिकेची जागा मोठ्या आणि छोट्या महापालिकांमध्ये आलटून पालटून फिरावी, नाहीतर ती कायम मुंबई-पुण्याचीच राहते. जिल्हा परिषदेच्या खुर्चीबद्दल मी आग्रही आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जी माणसं गेली ती बहुतेक जाड दगड-मातीच्या भिंती आणि धाब्याच्या जड छपरांखाली. त्या वेळच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. गावठाणातलं घर कसं बांधतात हे माहीत असलेला माणूस टेबलावर नसेल, तर नियमावली फक्त शहरी काँक्रीटची होते.

तांत्रिक चार. दोन स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक वास्तुविशारद, एक विद्युत-यांत्रिकी सेवांचा अभियंता. दोन स्ट्रक्चरल इंजिनिअर मुद्दाम: एक नव्या इमारती डिझाइन करणारा, दुसरा जुन्या इमारतींचं ऑडिट आणि दुरुस्ती करणारा. दुसऱ्याने खांब फोडून आतली सळई पाहिलेली असते. बाथरूमच्या खाली बसवलेल्या (सन्क) स्लॅबमध्ये पाणी मुरून खालच्या तुळईची सळई कशी गंजते, सळईवरचं काँक्रीटचं आवरण, म्हणजे कव्हर, कागदावर ४० मिलिमीटर असून प्रत्यक्षात १५ का भरतं, हे तो सांगतो. महानगरपालिका अधिनियमात ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचना तपासणी बंधनकारक आहे. त्या तपासणीत जे दिसतं ते नवा नियम लिहिणाऱ्यापर्यंत पोचायला आज नेमलेली वाटच नाही. या एका खुर्चीने ती तयार होते. पात्रता अशी लिहावी: परवान्यासह किमान १५ वर्षं काम, गेल्या पाच वर्षांत किमान २० ऑडिट स्वतःच्या सहीची, आणि नेमणुकीआधीच्या दोन वर्षांत निम्म्याहून जास्त उत्पन्न एकाच विकासक समूहाकडून नसावं.

उद्योगाच्या दोन. एक विकासक, एक कंत्राटदार. यांना बाहेर ठेवण्याच्या मी विरोधात आहे. शटरिंग काढायला किती दिवस लागतात, अमुक जाडीचा फायर डोअर बाजारात मिळतो की नाही, हे त्यांच्याशिवाय कळत नाही. पण दोघांत एक छोट्या शहरातला असावा.

रहिवाशांच्या तीन. गृहनिर्माण संस्थांच्या महासंघाचा एक, जुन्या किंवा भाड्याच्या इमारतींत राहणाऱ्यांचा एक, आणि अपंगांच्या वावराचा अनुभव असलेली अपंग व्यक्ती एक. आणि पंधरावी जागा बांधकाम कामगारांच्या प्रतिनिधीची, कारण पाया खोदताना शेजारची माती ढासळते तेव्हा खाली तोच असतो.

पाच, चार, दोन, तीन, एक. कुणीही एकतृतीयांशाच्या वर नाही. अधिकारी अधिक उद्योग सात होतात, म्हणजे सगळे हजर असतील तर त्यांनाही एक तरी तांत्रिक, रहिवासी किंवा कामगार मत मिळवावं लागतं. अध्यक्ष पंधरांच्या बाहेरचा, आणि समसमान झाल्यावरच मत देणारा. नगरविकासचा उपसचिव सदस्य सचिव, मताशिवाय. विधी व न्याय विभाग, महारेरा आणि मानक ब्युरो यांचे प्रतिनिधी कायम निमंत्रित.

रहिवाशाला तांत्रिक काय कळणार, हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकतो. उंच इमारतीतली आश्रयाची जागा, म्हणजे रेफ्युज एरिया घ्या. एनबीसी ती २४ मीटरच्या वर पहिली आणि पुढे साधारण दर १५ मीटरला मागते. आग लागली की जिन्याने पूर्ण खाली येऊ न शकणाऱ्यांनी तिथे थांबायचं आणि अग्निशमन दलाने त्यांना तिथून काढायचं. या जागेवर चर्चा सुरू झाली की विकासक विचारतो, किती टक्क्यांपर्यंत एफएसआयमुक्त? वास्तुविशारद विचारतो, दर्शनी भागात कशी बसवू? अग्निशमन अधिकारी विचारतो, माझ्या शिडीची पोच त्या बाजूला आहे का, रस्ता तिकडे आहे का? रहिवासी विचारतो, त्या जागेची किल्ली कुणाकडे असते? हा चौथा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि प्रत्यक्षात बिघडतं ते तिथेच. चोरीच्या भीतीने दार कुलूपबंद होतं, मग तिथे सायकली येतात, मग जुनं फर्निचर, मग शेजारच्या फ्लॅटची ग्रिल दोन फूट पुढे सरकते. रहिवासी टेबलावर असेल तर नियमात ‘दाराला बाहेरून कुलपाची सोय नसावी, आतून ढकलून उघडणारा बार असावा’ हे येतं. २००६ च्या कायद्याखाली इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेचा दाखला परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैला घ्यायचा असतो, नमुना ब. त्या नमुन्यात ही जागा मोकळी आहे का, असा एक रकाना वाढवा हेही तोच सुचवेल.

खुर्च्या वाटून काम संपत नाही

गणपूर्ती. पंधरापैकी नऊ, आणि त्यात किमान एक रहिवासी व किमान एक स्ट्रक्चरल किंवा अग्निशमनचा सदस्य हवाच. नुसता आकडा लिहिला तर सोयीच्या नऊ जणांना फोन जातात आणि सकाळी अकराची बैठक मंत्रालयात उरकते. पण उलट धोकाही आहे: एखादा गट मुद्दाम गैरहजर राहून समिती अडवू शकतो. म्हणून गणपूर्तीअभावी तहकूब झालेली बैठक दहा दिवसांत त्याच विषयांसाठी पुन्हा बोलवावी, आणि त्या वेळी गटाची अट गळून फक्त नऊचा आकडा राहावा.

मतदान. इथे मी मुद्दाम असमान उंबरठा सुचवतो. सुरक्षितता वाढवणारी तरतूद हजर सदस्यांच्या साध्या बहुमताने. सुरक्षितता कमी करणारी, म्हणजे जिन्याची रुंदी, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), अग्निशमन गाडीच्या रस्त्याची रुंदी, पाण्याच्या टाकीची क्षमता यांत सूट देणारी तरतूद एकूण पंधरापैकी दहा मतांनी. पेनसिल्व्हेनियाने दोनतृतीयांशाचा अडथळा चुकीच्या दिशेला लावला होता. तो सुरक्षितता कमी करण्याच्या दिशेला लावावा. ‘कमी करणारी’ कुठली, यावर वाद होणारच. त्यासाठी दोन स्ट्रक्चरल आणि एक अग्निशमन अशा तिघांपैकी दोघांनी तसं लेखी नोंदवलं की ती कमी करणारी धरावी. भिन्नमत दर्शवणारी टिप्पणी इतिवृत्ताला जोडणं सदस्य सचिवावर बंधनकारक हवं.

मुदत. पदसिद्ध पाच जण बदली झाली की बदलतात, त्यांना मुदत लावता येत नाही. पण तिथे ‘प्रतिनिधी’ म्हणून दर वेळी वेगळाच कनिष्ठ अधिकारी येण्याची सवय मोडायला हवी. मानक ब्युरोच्या समित्यांत मुख्य सदस्य आणि एक ठरलेला पर्यायी सदस्य अशी दोन नावं असतात, तसंच करावं. उरलेल्या दहांची मुदत तीन वर्षं. पहिल्या खेपेला चिठ्ठ्या टाकून तिघांना एक वर्ष, तिघांना दोन आणि चौघांना तीन वर्षं द्यावीत. मग पूर्ण समिती एका दिवशी रिकामी होत नाही आणि सरकार बदललं म्हणून सगळे नवे येत नाहीत. सलग दोन मुदतींच्या वर कुणी नको. जागा ६० दिवस रिकामी राहिली तर संबंधित संघटनेने पाठवलेल्या तीन नावांपैकी पहिलं आपोआप नेमलं गेलं असं धरावं. ही ओळ नसेल तर समिती बरखास्त न करताही बंद पाडता येते. जागा भरायच्याच नाहीत, गणपूर्ती होतच नाही, आणि निर्णय विभागातच होत राहतात.

हितसंबंध. वर्षातून एकदा विवरणपत्र आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला विषयवार विचारणा, दोन्ही हवीत. ज्याचा प्रकल्प त्या फेरबदलाने थेट फायद्यात येतो त्याने बोलावं, पण मतदानाच्या वेळी बाहेर जावं. बोलूच देऊ नका, असं करून चालणार नाही. तो उद्योगाचा माणूस म्हणूनच बसवलाय, त्याची माहिती हवी आहे.

भत्ता. अधिकारी, विकासक आणि कंत्राटदार आपल्या कार्यालयाच्या खर्चाने येतात. चंद्रपूरहून येणाऱ्या सोसायटीच्या सचिवाचा किंवा कामगार प्रतिनिधीचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी समितीने दिली पाहिजे. हे केलं नाही की दुसऱ्या वर्षी त्या खुर्च्या आपोआप रिकाम्या दिसतात आणि ‘त्यांना रसच नाही’ असं म्हटलं जातं. बैठका दूरदृश्य प्रणालीवर घ्याव्यात, पण नकाशावर चर्चा असेल तेव्हा प्रत्यक्ष.

मसुदा. समितीच्या कामात खरी ताकद मसुदा टाइप करणाऱ्याची असते. बाहेरून तयार होऊन आलेला मसुदा बैठकीत फक्त दुरुस्त होतो, उलटत नाही. म्हणून समितीला स्वतःचे दोन पूर्णवेळ अभियंते आणि एक विधी मसुदाकार हवा. बैठकीच्या २१ दिवस आधी टिप्पणी जावी, मराठीत, आणि तिच्यात जुना मजकूर, नवा मजकूर, बदलाचं कारण ठरलेली दुर्घटना किंवा तक्रार, आणि शंभर चौरस मीटरच्या एका नमुना फ्लॅटवर व एका नमुना भूखंडावर होणारा परिणाम, एवढं असावं. उपसमित्यांनाही हेच गटांचं प्रमाण लागू करावं. मूळ समिती समतोल ठेवून ‘तांत्रिक उपसमिती’ एकाच गटाच्या हातात देणं ही नेहमीची पळवाट आहे.

एक काम या समितीला कधीही देऊ नये: एखाद्या विशिष्ट प्रकल्पाला सवलत देणं. नियम करणारा आणि सूट देणारा एकच असला की दर बैठकीत सवलतीच्या फाइली पुढे सरकतात आणि नियमांचा विषय ‘पुढील बैठकीत’ जातो. शिवाय एकदा दिलेली सूट नंतर नियम म्हणून मागितली जाते.

पाया कशावर

शासन निर्णयाने केलेली समिती दुसऱ्या शासन निर्णयाने जाते. म्हणून रचना १९६६ च्या अधिनियमात दुरुस्ती करून, निदान कलम १५८ खालच्या नियमांत यायला हवी, आणि त्यात एक वाक्य हवं: समितीचा अहवाल जोडल्याशिवाय कलम ३७(१कक) ची सूचना काढू नये, आणि तातडी म्हणून काढलीच तर कलम १५४ चा निर्देश ९० दिवसांत समितीपुढे ठेवावा. सरकारने समितीचं ऐकलंच पाहिजे असं नाही. निवडून आलेल्या सरकारला वेगळा निर्णय घेण्याचा अधिकार आहे. मात्र कारण लेखी द्यावं.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर आज कुणालाही करता येण्यासारखं काम म्हणजे सध्याच्या समित्यांची हजेरी बाहेर काढणं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख)(८) प्रमाणे प्रत्येक प्राधिकरणाने आपल्या समित्यांची यादी, बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त मिळू शकतं का, हे स्वतःहून जाहीर करायचं असतं. नसेल तर अर्ज करा. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून मोजकं लिहा:

‘बांधकाम नियमावलीतील फेरबदलांबाबत आपल्या विभागाने गेल्या तीन वर्षांत गठित केलेल्या समित्यांचे शासन निर्णय, प्रत्येक बैठकीची तारीख, उपस्थिती पत्रकाची छायांकित प्रत, इतिवृत्त आणि विशेष निमंत्रितांची नावे व पदनामे द्यावीत.’

वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टँपवर. ‘का’ असा प्रश्न अर्जात घालू नका, त्यावर ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. कागद मागा.

उपस्थिती पत्रक हाती आलं की नावांपेक्षा आधी सह्या बघा. सदस्याच्या नावापुढे ‘करिता’ लिहून कितींदा दुसऱ्याची सही आहे, सलग दोन बैठकींना तीच व्यक्ती आली आहे का, आणि विशेष निमंत्रितांत तेच एक-दोन सल्लागार परत परत दिसतात का, हे एका कागदावर रकाने पाडून उतरवा. मग प्रत्येक नावापुढे वरच्या पाच गटांपैकी एकाचा शिक्का मारा आणि बेरीज करा. नगरविकासकडे किंवा आमदाराकडे रचना बदलण्याची मागणी नेताना हा एक कागद पुढे ठेवा, आणि प्रत्येक बेरजेसमोर उपस्थिती पत्रकाचा पान क्रमांक लिहा.